सव्वा मूठ गहू

सुरतजवळ कडोदऱ्याच्या कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर मी वर्षानुवर्षं स्वतंत्र विदर्भ देऊन टाकत आलोय. आमच्या खात्यात यवतमाळकडचा एक कारागीर आहे. त्याने वेगळ्या राज्याचा विषय काढला की बाकीचे अंगावर धावून जायचे, आणि मी अर्धा कप हातात धरून निवाडा द्यायचो, "ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यावं. बळजबरीनं एकत्र ठेवलेलं घर म्हणजे जेल." माना डोलायच्या. चहा विदर्भाकडून यायचा.

मग धाकट्या भावाने पर्वत पाटियाच्या पुढे फ्लॅट घेतला. मी पेढे वाटले. श्रावण तोंडावर आला तसा तो गोडादऱ्याला आमच्या घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "दादा, यंदापासून कानबाई मी माझ्याकडं बसवतो."

कानबाई ही आम्हा खानदेशी घरांची देवी, नारळाच्या रूपात बसवायची. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, त्या पिठाचे पुरणाचे जाड रोट करायचे, आणि ते फक्त त्या घरच्यांनीच खायचे. चूल वेगळी झाली तरी भाऊ भाऊच राहतो. रोट वेगळे झाले की तो पाहुणा.

"माझ्याकडून काय अन्याय झाला ते सांग," मी म्हणालो.

"काहीच नाही."

"वहिनी काही बोलली?"

"नाही ना, दादा."

"मग कारण?"

"कारण पाहिजेच का? तू मला मारलं असतं तरच जाऊ दिलं असतं का?" तो हसला. "टपरीवर तर अख्खा विदर्भ सोडतोस म्हणे."

विदर्भ काही मी कडेवर खेळवला नव्हता. पण हे न बोलता मी थोरल्याचा आवाज लावला, "जा. पण मग आमचा रोट तुला नाही, तुझा आम्हाला नाही. नियम तो नियम."

त्याचं हसू गेलं. "चालेल," म्हणाला.

माय बाजूला लसूण सोलत बसली होती. "माले कोनी इचारं का रे? मी कोना रोट खाऊ?"

बायकांच्या नावाची मूठ मोजत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता. "माझ्याकडं," तो म्हणाला. "माझ्याकडं," मीही म्हणालो. आत्ताच मोकळीक मागणारा तो आणि नियम सांगणारा मी, दोघं एका सुरात. मायने लसणाची परात उचलली आणि आत गेली.

भाऊ गेल्यावर तिने मला एकट्याला विचारलं, "तू सुरतले उना तवय काकाले इचारं व्हतं का?"

नव्हतं. सुरतला आलो तेव्हा गावी काकाच्या घरच्या रोटातून मी न विचारता निघालो होतो. इथल्याच बाजारातून नारळ आणून कानबाई बसवली होती. काकाने नियम काढला नाही. जिवंत होता तोवर माझ्या नावची मूठ मोजत राहिला आणि रोट फडक्यात बांधून एसटीच्या ड्रायव्हरकडे देत राहिला. मी स्टँडवर जाऊन, गाठ सोडून, तिथेच उभ्याने खायचो.

कानबाईच्या रविवारी गहू मोजताना भावाच्या नावची मूठ सवयीने भरली गेली. मी ती परत डब्यात ओतली. मायने देवीची गाणी म्हटली, रोट लाटायला बसली, आणि ताट समोर आल्यावर पोट बरं नाही म्हणून कपभर दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जनाला भावाचं बिऱ्हाडही आलं होतं. तो हळूच जवळ आला. "माय जेवली ना तुझ्याकडं?"

"हो," मी म्हणालो.

"मीही तिच्यासाठी एक ठेवला होता." एवढं बोलून तो पोरांकडे वळला.

पौर्णिमेच्या आत रोट संपवावे लागतात. मायच्या वाटणीचा तसाच होता. आदल्या दिवशी मी तो फडक्यात बांधला आणि भावाकडे जायला मोटारसायकल काढली. पर्वत पाटियाच्या सिग्नलवर बराच वेळ थांबलो, मागचे हॉर्न वाजवायला लागले. दारात काय म्हणायचं ते सुचेना. नियम मीच काढलेला. गाडी वळवली.

घरी दार मायने उघडलं. माझ्या हातातली गाठ पाहिली, चाचपली, न सोडता डब्यात ठेवून दिली.

"पयले काकाना हातनी गाठ सैल ऱ्हाये," ती म्हणाली.