झोप न येणारा ड्रायव्हर

मुलांनो, राज्याच्या सीमेजवळच्या बोथ गावच्या फाट्यावर मी बसची वाट पाहायची, तिथल्या टपरीवर एक माणूस कायम बसलेला असे. ट्रकचं नवं लायसन्स मिळालेल्या पोरांना तो नागपूरच्या मालकांकडे कामाला लावून द्यायचा. जिल्ह्याचे तुकडे होऊन कचेऱ्या हलल्या आणि त्यांच्याबरोबर इथली कामंही गेली, तेव्हापासून अशी पोरं फार येत. बोलता बोलता तो बशीतला चहा फुंकत राही आणि प्यायचंच विसरे. त्याचा मला राग येई, तरी मी त्याच्याच बाकावर बसे.

तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "झोप आली तं काय करशीन?"

एकदा एक लाजरा पोरगा म्हणाला, "गाडी बाजूला लावीन, काका."

"मंग घरीच झोप ना! मालकाले थांबनारा ड्रायवर काऊन पायजे?"

सगळे हसले. पोराचं तोंड उतरलं. अनुभव नाही म्हणून मालकांनी त्याला आधीच परत पाठवलं होतं.

"पुन्हा इचारतो. झोप आली तं?"

"मले झोप येतच नाई, काका."

त्या माणसाने लगेच मालकाला फोन लावला. "सेठ, लडका अच्छा है. सोता नहीं."

फोन ठेवून तो हळूच म्हणाला, "आली तं थांबजो रे बापू. नोकरी गेली तं जाऊ दे."

पण पोरगा तोवर आईला फोनवर ओरडून सांगत होता, की काम लागलं. त्याला ते ऐकूच गेलं नाही.