पडल्यापडल्या चालेल का?

माझ्या सुनेला खोटं बोलता येत नाही. कौतुकानं नाही सांगत, वैतागून सांगतेय. या घरात आली त्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं, "आई, मला लवकर उठायला जमत नाही आणि माझा चहा पाणचट होतो." दोन्ही खरं निघालं. एकदा मी केस काळे करून आले, तर माझ्याकडे नीट निरखून म्हणाली, "बूट पॉलिश केल्यासारखे दिसतायत." आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही, पण पुन्हा कलपही लावला नाही.

तर अशा बाईला नोकरी कसली मिळावी? गिऱ्हाइकांशी बोलायची. तिच्या कंपनीचा नवा हेडसेट बाजारात यायचा होता. डोळ्यांवर बांधायचा डबाच तो. बांधला की माणूस घरबसल्या समुद्रावर काय, डोंगरावर काय, कुठंही जाऊन पोचतो म्हणे. माझ्या मुलाचं काम सुटलेलं, घर सगळं हिच्या पगारावर. त्यातच मी बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून घेतला, आणि माझी खाट आली तिच्या कामाच्या टेबलाशेजारी. त्यामुळे या कंपनीचं पाणी मी अगदी जवळून जोखलंय.

दर आठवड्याला त्यांचा 'मोकळा तास' असायचा. लोकांनी फोनवर बघायचं, प्रश्न लिहून पाठवायचे, आणि सूनबाईनं घरून कॅमेऱ्यासमोर बसून उत्तरं द्यायची. 'विकायच्या आधीच आम्ही तुमच्यासमोर सगळं उघड करतो', हे कंपनीचं पालुपद. आणि तास सुरू व्हायच्या आधी तिचा साहेब फोनवर काय उघड करायचं नाही ते सांगत बसायचा. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. डोकं दुखेल का असं कुणी विचारलं, तर म्हणायचं, फार छान प्रश्न. चष्म्यावर बसेल का विचारलं, तर म्हणायचं, आमचे लोक त्यावरच काम करतायत. शिंच्याला मोकळेपणासुद्धा पढवून घ्यावा लागत होता.

ही ऐकायची आणि जेवताना ताट पुढं सारायची. मी म्हणायचे, "गिळ दोन घास. त्याचं पाप तुझ्या पोटाला कशाला?"

एके दिवशी एका गृहस्थांचा प्रश्न आला. जन्मभर बस चालवलेले. बायको अंथरुणाला खिळलेली, उठून बसता येत नाही. 'साऱ्या गावाला फिरवलं, हिला कुठं नेलं नाही. हिला समुद्र दाखवायचाय. तुमचा हेडसेट पडल्यापडल्या चालेल का?' एवढंच विचारलं होतं. सूनबाई म्हणाली, "पुढच्या तासाला नक्की सांगते, काका."

गोडबोल्याचं उत्तर तयारच होतं. हळूहळू सवय होते, म्हणून सांगा. हिनं विचारलं, "कुणी पडून बघितलंय का?" तो हसला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला.

मग हिनं माझ्याकडे बघितलं. घरात आडवी पडलेली बाई होतीच, आणि कंपनीनं कामासाठी दिलेला हेडसेटही होता. तिनं हलक्या हातानं तो माझ्या डोळ्यांवर बांधला. समुद्र कुठला, मला दिसलं नुसतं आभाळ. मान जरा उचलली तर अख्खा किनारा भिंतीसारखा उभा राहून अंगावर आला. खाटेवरून घसरतेय असं वाटून मी कठडा घट्ट धरला आणि पुढच्या क्षणाला भडाभडा ओकले. तिनं माझं तोंड पुसलं, चादर बदलली. दुसऱ्या दिवशीही करून पाहिलं, मी हट्टच केला. तीच गत.

तिनं हे साहेबाला कळवलं. तो म्हणाला, "सासूबाईंचं वय झालंय, मॅडम." मला समोर सापडला असता तर वय दाखवलं असतं मेल्याला.

पुढच्या तासाला ती कॅमेऱ्यात बघून शांतपणे बोलली. "काका, मी माझ्या सासूबाईंना आडवं ठेवून स्वतः बघितलंय. तुम्हाला खरं तेच सांगते. नाही चालत."

संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. तरी मला मनातून बरं वाटत होतं, निदान त्या माणसापर्यंत खरं पोचलं म्हणून. कसलं पोचतंय. हेडसेट बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत हिला नावावरून शोधून त्या काकांनी निरोप धाडला, खाली फोन नंबर. 'ताई, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून घेतला.'

हिनं शोधाशोध केली तेव्हा कळलं, की त्यांचं ते प्रक्षेपण जरा उशिरानं पुढं जातं आणि बंद करायचं बटण गोडबोल्याच्या हाताशी असतं. 'खरं तेच सांगते' इथपर्यंत लोकांनी हिला पाहिलं, मग पडदा काळा. आणि नंतर जे चित्रण कंपनीनं लोकांसाठी ठेवलं, त्यात हिच्या 'खरं तेच सांगते'च्या पुढं दुसरीच एक पोरगी हसत म्हणते, "हळूहळू सवय होते." खाली लिहिलेलं, आम्ही काही लपवत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं यांचं, आणि तोंड माझ्या सुनेचं. चोर तरी स्वतःच्या तोंडावर फडकं बांधतो.

"लाव फोन," मी म्हटलं. "माझ्यासमोर लाव."

काकांनी लगेच ओळखलं, खूश झाले. "ताई, बरं झालं तुमचाच फोन आला. हिला उलट्या होतात हो. पण चिवट आहे. तुमच्या तासाला सांगितलं होतं ना सवय होते म्हणून, तर रोज थोडा थोडा लावते. काल म्हणाली, माझंच काहीतरी चुकतंय, तुम्ही एवढ्या हौसेनं आणलंत आणि मला मेलीला बघता येत नाही."

सूनबाईनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "काका, सवय नाही होत. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं, त्यांनी ते कापलं. माझ्या सासूबाईंनाही उलट्याच झाल्या. पडल्यापडल्या नाही चालत ते."

त्यांनी फोन बाजूला केला असावा, कारण बायकोशी बोलणं लांबून ऐकू आलं.

"अगं, काढ ते. तुझं काही चुकत नव्हतं."