जाधव काका आणि फळ्यावरचं नाव

बातमी आली तेव्हा मी सेक्टर चौतीसमधल्या छापखान्यात होते. बाबांचा फोन होता. छापखान्याच्या मालकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मशीन बंद करायला सांगितलं, तेव्हाच काहीतरी कळलं. "जाधव गेले," बाबा म्हणाले. मग एवढंच, "सकाळी ऑफिसला निघाले होते. एक बूट घातला होता." मी स्कूटर काढली आणि निघाले. वाटेत दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं, डिकी उघडायला लावली. एरवी मी त्यांच्याशी भांडते. त्या दिवशी डिकी उघडी टाकून नुसती उभी राहिले. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं ती बंद केली आणि म्हणाला, "जा बेटा, जा."

जाधव काका आमच्या नात्यातले नव्हेत. सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. बाबा केंद्र सरकारच्या कार्यालयात, कर्मचारी संघटनेचे कार्यकर्ते. काका वीज वाहून नेणाऱ्या एका सरकारी कंपनीत इंजिनिअर. मूळचे मिरजेचे. बदली होऊन तीन वर्षांसाठी म्हणून इथे, पंजाबच्या राजधानीत आले आणि राहिलेच. आडनावाचा इथे लगेच यादव झाला. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं. दूधवाल्यानं "यादवजी" अशी हाक मारली की सुमन काकू आतून म्हणायच्या, "जा, तुमचे बिहारचे पाहुणे आलेत." आमच्या घरात सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, संघटनेची पत्रकं त्यावर निघायची, आणि मी गणितं सोडवली ती त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. पुढे पत्रकं मीच लिहायला लागले. काका ती न चुकता मागून घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि मला 'कॉम्रेड' म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि माया किती, हे मला कधी वेगळं करता आलं नाही.

आमचं मोठं भांडण झालं ते पुरस्कारांवरून. अभियंत्यांच्या एका व्यावसायिक संस्थेची इथे शाखा आहे. दर हिवाळ्यात ती आपल्या सभासदांचा गौरव करते. कुणाला संशोधनासाठी, कुणाला बांधकामासाठी आणि एकाला 'सेवेसाठी'. शाल, मानपत्र, आणि संस्थेच्या सभागृहात जो मोठा लाकडी फळा आहे त्यावर सोनेरी रंगात नाव. सेवेच्या पुरस्काराची जी समिती होती तिचे काका चिटणीस. मी एका पत्रकात लिहिलं होतं की पुरस्कार म्हणजे गप्प बसण्याचा मोबदला. काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "वाक्य झकास आहे गं. पण हे कुणाला भेटून लिहिलंस?"

"भेटायला कशाला पाहिजे? दिसतं की."

"मला नाही दिसत. मला जाऊन बघावं लागतं." आणि ते खरंच जायचे. बाकीच्या समित्यांचे लोक उमेदवारानं स्वतःच पाठवलेल्या माहितीवरून मानपत्र लिहीत. ओजस्वी, तेजस्वी, कर्तव्यदक्ष... नाव बदललं की दुसऱ्याला चालेल असं. काका मात्र ज्याचं नाव ठरलं असेल त्याच्या कामाच्या जागी जाऊन दिवसभर बसायचे. त्याच्याशी फार बोलायचे नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलायचे, हाताखालच्या लोकांशी बोलायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. मग मानपत्र लिहायचे, आणि त्यात एकही विशेषण नसायचं. "विशेषण आलं की समजायचं, माहिती संपली," असं म्हणून ते माझ्या पत्रकांतल्या 'रक्तपिपासू'भोवती पेन्सिलीनं गोल काढायचे. शेवटच्या ओळीत मात्र नेहमी घरच्यांची नावं. बायकोचं, मुलांचं, आई असेल तर आईचं. का, असं मी विचारलं होतं. "ते पण टाचा उंचावून ऐकत असतात ना," म्हणाले.

त्या वर्षी सेवेच्या पुरस्कारासाठी नाव ठरलं बलवंतसिंगांचं. सीमेकडच्या एका गावाजवळ वीज उपकेंद्र होतं, तिथले ते इंजिनिअर. ते दहशतवादाचे दिवस होते; त्या भागातून ज्याला जमेल तो बदली करून घेत होता. बाँब लावून लाइनचे टॉवर पाडले जात होते, आणि पाडणाऱ्यांची धमकी असायची की दुरुस्तीला येणाऱ्यालाही सोडणार नाही. बलवंतसिंग बदली मागत नव्हते. टॉवर पडला की माणसं गोळा करून जात होते. काका त्यांच्याकडे जायला निघाले तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. बसमधून माणसं उतरवून, नावं विचारून मारल्याच्या बातम्या रोज येत होत्या. "एक शाल नि एक कागद," काकू म्हणाल्या. "त्याच्यासाठी जीव द्यायचा? इथं बसून लिहा की. कोण बघायला येणार आहे?"

"ते येतील ना समारंभाला. त्यांच्या तोंडावर खोटं वाचू?"

"मग मीबी येते."

"तू आलीस तर तुझीच काळजी करत बसेन. ते काम कोण बघेल?" काकू बाजूला झाल्या, पण संध्याकाळी काका परत येईपर्यंत त्या आमच्या घरात मोड आलेल्या मटकीचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. निवडून झालेली मटकी पुन्हा निवडत होत्या.

काका परतले ते शांत, आणि पुढच्या आठवड्यात ती बातमी आली. बलवंतसिंगांच्या मुलाला, जसविंदरला, कॉलेजच्या होस्टेलमधून पोलिसांनी उचललं होतं. आरोप नाही, कागद नाही, कुठे ठेवलंय याचा पत्ता नाही. त्या काळात पंजाबात हे अनेक घरांच्या बाबतीत झालं, आणि ज्याच्या घरात झालं त्याच्याकडे लोक कसे बघायचे हेही सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी आदल्या आठवड्यात बलवंतसिंगांच्या नावाला टाळ्या वाजवल्या होत्या त्या समितीच्या अध्यक्षांनी दुसरी बैठक बोलावली, आणि तिच्या आधीच सगळ्यांच्या कानावर घातलं. नाव उत्तम आहे, पण वेळ बरोबर नाही. पुढच्या वर्षी बघू. या वर्षी दुसरं कुणीतरी.

मी पेटले. पत्रक काढूया म्हणाले. मुलाबद्दल, समितीबद्दल, सगळ्याबद्दल. काका म्हणाले, "मुलगा आत आहे कॉम्रेड. त्याच्या बापाला विचारलंस?" मी म्हणाले, अन्यायाबद्दल बोलायला परवानगी लागते का? ते म्हणाले, "ज्याचं पोर आत आहे त्याची लागते." त्या दिवशी मी दार आपटून निघाले. अजूनही मला वाटतं की पत्रक निघायला हवं होतं. काका असते तर हा वाद आजही तसाच चालू राहिला असता.

दोन दिवसांनी तेच खाली आले. दारातून हळू आवाजात म्हणाले, "कॉम्रेड, एक बेकायदेशीर काम आहे. येतेस?" मी चपला घालून तयार. मनात काय काय आलं... काका मला घेऊन गेले ते संस्थेच्या सभागृहात. तिथे रामसरन पेंटर आपले डबे घेऊन उभा होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. एरवी फळ्यावर नाव चढतं ते समारंभ झाल्यानंतर. तसा नियम आहे, आणि काका नियमाचे इतके पक्के की क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायलाही अर्ज करायचे. त्यांनी मला स्टूल धरायला सांगितलं. रामसरन स्टूलावर चढला आणि त्यानं बलवंतसिंगांचं नाव लिहायला सुरुवात केली.

"काका, हे बेकायदेशीर काम?"

"मग? समारंभाआधी नाव लिहितोय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा शाळेच्या भिंतीवरून उडी मारलेल्या पोरासारखा झाला होता. "स्टूल नीट धर गं."

त्या दुसऱ्या बैठकीत काय झालं ते काकांनी मला कधीच धड सांगितलं नाही. समितीवर कर्नल साने होते, सैन्यातले इंजिनिअर, चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त होऊन इथेच घर केलेले. काका गेल्यावर ते काकूंना भेटायला आले तेव्हा त्यांच्याकडून ऐकलं. बैठक त्याच सभागृहात होती. मंडळी आली, टर्पेंटाइनचा वास आला, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "यह किसने लिखवाया?"

"मैंने, सर."

"किसके कहने पर?"

"पहली मीटिंग के। वो तो मिनट्स में है।"

अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, चूक झाली, मिटवून टाका. तेव्हा काकांनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दाढीचं ब्लेड काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. म्हणाले, "पेंटर से पूछा था, सर। कहता है मिटाना उसका काम नहीं। मेरा हाथ काँपता है। आप में से कोई..." कर्नल साने सांगत होते, "अहो, मी लढाई बघितलेला माणूस. पण त्या ब्लेडकडे हात नेववेना. स्टूलावर चढायचं, सगळ्यांच्या देखत, आणि एका माणसाचं नाव खरवडायचं... कागदावर नाव कापणं सोपं असतं हो. कोणी हललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, चहा सांगूया का?" चहा आला, प्याला गेला, पुढच्या विषयावर बोलणं झालं, आणि नाव राहिलं.

समारंभाला बलवंतसिंग एकटेच आले. जसविंदरचा अजून पत्ता नव्हता. गडद निळी पगडी, इस्त्रीचा कोट आणि महिनाभरात म्हातारा झालेला चेहरा. पहिल्या रांगेत त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, ते पाहून मी आणि काकू जाऊन तिथे बसलो. काकांनी मानपत्र वाचलं, हिंदीत. टॉवर पडला, ते गेले, दुसऱ्या दिवशी गावातल्या पंपांच्या मोटारी चालल्या आणि भाताला पाणी मिळालं. पुन्हा टॉवर पडला, ते पुन्हा गेले. त्यांच्याबरोबर कोण कोण गेलं, त्या लाइनमनची नावं. गावातल्या एका आजीबाईनं काकांना सांगितलेलं एक वाक्य, की हा माणूस वाड्यावस्त्यांवर दिवा येईपर्यंत स्वतःच्या घरी जेवायला जात नाही. आणि मग शेवटची ओळ. ती गाळा म्हणून अध्यक्षांचा निरोप होता, हे मला ठाऊक होतं. काका थांबले. चष्मा काढून पुसला. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. काकांनी वाचलं, "पत्नी, हरबंस कौर। एक बेटा, जसविंदर। इंजीनियरिंग का छात्र है।"

बलवंतसिंगांनी मान खाली घातली आणि ती बराच वेळ वर केली नाही. काकूंनी पदराखालून हात काढून त्यांच्या कोटाच्या बाहीवर ठेवला. एरवी परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या आमच्या सुमन काकू. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि मग सगळ्यांनी. त्या टाळ्यांमध्ये किती धैर्य होतं आणि किती सुटका, ते मला सांगता येणार नाही.

जसविंदर पुढे सुटला. पुरस्कारामुळे सुटला असं मी म्हणणार नाही. काकांनीच त्या वाक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला असता. पुढच्या वर्षीच्या समितीत काकांचं नाव नव्हतं. कारण कोणी सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नाही. दर हिवाळ्यात समारंभाला जाऊन ते मागच्या रांगेत बसायचे आणि घरी येऊन काकूंना सांगायचे, "आज सगळे कर्तव्यदक्ष होते."

काका गेल्यावर दहाव्या दिवशी बलवंतसिंग जसविंदरला घेऊन आले. मुलगा उंच, शांत, डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. काकूंच्या पाया पडला. काकू तोवर रडल्या नव्हत्या, तेव्हाही रडल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, "खाना खाके जाना हां, बेटा," आणि उठून कणीक मळायला बसल्या. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, मला तो फळा बघायचाय. काका चिटणीस असताना समारंभाला जाऊनही त्यांनी तो जवळून पाहिला नव्हता. गर्दी असायची. आम्ही चौघं गेलो. दुपारची वेळ, सभागृह रिकामं. वॉचमननं दिवे लावले आणि काकू कोण हे कळल्यावर आपणहून बोलायला लागला, "यादव साहब ने इस एक नाम के लिए पेंटर को कितनी बार बुलाया जी। रंग सूख जाए तो कहते, एक और हाथ। मैंने पूछा, साहब, नाम तो चमक रहा है। कहते, चमकने के लिए नहीं, भाई। कोई ब्लेड से खुरचे, तो थक जाए।"

बलवंतसिंग हसले. मग त्यांनी पगडीच्या शेवानं डोळे पुसले. जसविंदरनं स्टूल आणून ठेवलं आणि काकूंना हात देऊन वर चढवलं. काकूंनी फळ्यावर तळवा ठेवला आणि वरून खाली हळूहळू नेला, भाकरीवर पाण्याचा हात फिरवावा तसा. वरची सगळी नावं सपाट, लाकडाबरोबर झालेली. मग एका ठिकाणी हात थांबला. त्यांनी डोळे मिटले होते. त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, एकेका जाड अक्षरावरून, आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "हे बघा... इथं आहेत."