सहावा खांदा

युअन ड्रमंडने वयाच्या सोळाव्या वर्षी गाईच्या कासेला हात लावला आणि एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत तो तिथून काढायची त्याला विशेष गरज भासली नाही. माताउरा नदीच्या काठी तो जन्मला. त्याचा बाप आठवड्याला चाळीसेक शब्द बोले, त्यातले निम्मे कुत्र्याशी. मुलाने ही वडिलोपार्जित संपत्ती उधळली नाही. चारशे साठ गाईंपैकी कोणती कुठल्या सडाला हळवी आहे, कुणाची कास मागच्या वेताला दगडी होऊन सुजली होती, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे. बायकोच्या मनात काय आहे ते ती बोलली तर कळेल, आणि ती बोलत नाही म्हणजे काही नाही, अशी त्याची समजूत होती. ही समजूत तेवीस वर्षं टिकली.

मार्चमध्ये विंटनजवळच्या एका मालकाचा करार आला. सहाशे गाई, तीन वर्षं, राहायला घर, आणि नवराबायको दोघांच्या सह्या. जूनच्या एक तारखेला दुसऱ्यांच्या गाई सांभाळणारे इकडचे सगळे करारवाले भांडीकुंडी ट्रकवर टाकून फार्म बदलतात. एप्रिलअखेरपर्यंत कागद परत जायला हवा होता. त्याच्या बायकोने, नोरीनने, तो वाचला, घडी घातली आणि ब्रेडच्या डब्याखाली ठेवून दिला.

"मी बहुतेक सही करणार नाही," ती म्हणाली. "होकिटिकाला जाईन, भावांकडं."

"किती दिवस?"

"युअन, मी सुट्टीचं बोलत नाहीये."

मग तिने आणखी एक सांगितलं. गोर गावात नायरी म्हणून एक बाई नवराबायकोंना सल्ला देते, तिच्याकडे सहा गुरुवार ठरवले आहेत. तो सहाही वेळा आला तर त्यानंतर नोरीन काय ते ठरवील.

नायरीची खोली बियाणं आणि जंताच्या औषधांच्या दुकानावर होती. जिना चढताना युअनला औषधांच्या वासाने जरा धीर आला. नायरी साठीची, पूर्वी नर्स होती, आणि तिच्या आवाजात अजून इंजेक्शन देण्याआधीचा मऊपणा होता. तिचा एकच नियम होता: समोरचा बोलला की आधी त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगायचं, बरोबर का ते विचारायचं, मगच आपलं बोलायचं.

"तो माझं ऐकत नाही," नोरीन म्हणाली.

"तू म्हणतेस की मी ऐकत नाही," युअन म्हणाला. "पण मी ऐकतो."

"'पण' नको," नायरी म्हणाली. "परत सांगा."

त्या पन्नास मिनिटांत त्याने सात वेळा 'पण' म्हटलं. नायरीने घरी करायला अभ्यास दिला, रोज दहा मिनिटं. विसरू नये म्हणून युअनने तो, प्रत्येक महत्त्वाची गोष्ट लिहितो तिथेच, दूध काढायच्या शेडमधल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिला. '२१४ – डावा मागचा सड, औषध, दूध वेगळं.' त्याखाली, 'नोरीन – ऐकणे, दहा मिनिटं.'

शेजारचा मर्व्ह पाना मागायला आला आणि फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"ही कुठली गाय रे? नंबर दिसत नाही हिला."

"तुला पाना हवाय ना?"

"आणि दर गुरुवारी जोडीनं गोरला कुठं जाता?"

"दाताच्या डॉक्टरकडं."

"दोघांचे दात एकदमच सडले होय? बरोबरच आहे म्हणा, तोंड उघडलंच नाही कधी तर सडणारच."

युअनला वाटलं, नोरीन आता फळ्यावरचं पुसणार. तिने पुसलं नाही. 'दहा' खोडून 'वीस' केलं.

दुसरा आणि तिसरा गुरुवार असेच गेले. बोलणं झालं ते पैशांचं, टीव्हीच्या आवाजाचं, तो जेवताना पेपर वाचतो त्याचं. युअनला हे बरं वाटू लागलं होतं; तक्रारी अशा सुट्या सुट्या असल्या की दुरुस्त करता येतात. त्याने जेवताना पेपर वाचणं सोडलं आणि त्याऐवजी भिंतीकडे पाहू लागला.

चौथ्या गुरुवारी नायरीने विचारलं, "नोरीन, जायचा विचार पहिल्यांदा मनात कधी आला?"

"आई गेली तेव्हा. तीन वर्षांपूर्वी. अकरा ऑगस्ट."

युअन खुर्चीत ताठ झाला. ऑगस्ट म्हणजे गाई विण्याचा हंगाम. दिवसाला वीस-पंचवीस वासरं, चीक पाजायचा, अडलेल्या गाई सोडवायच्या. अंत्यविधीला तो गेला नव्हता. नोरीन एकटीच डोंगर ओलांडून होकिटिकाला गेली होती. परत आल्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे काही नव्हतं.

"गाई थांबत नाहीत," तो म्हणाला. "तिला ठाऊक आहे ते."

"मर्व्हनं तुला सांगितलं होतं की तो आठवडाभर तुझ्या गाई बघेल," नोरीन म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, खिडकीकडे पाहत होती. "तू त्याला नको म्हणालास. मी परत आले त्याच आठवड्यात मर्व्हनंच मला सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं, मला माहीत असेल."

खाली दुकानात कुणीतरी पोतं टाकलं. तेवढ्यात पन्नास मिनिटं संपली.

तिथून ती दोघं थेट घरी आली. तीन वाजता धारा होत्या.

त्या शेडमध्ये माणूस मधल्या खड्ड्यात उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना गाईंची ढुंगणं डोळ्यांच्या उंचीला येतात. युअन एका रांगेला दूध ओढणारे कप लावत होता, नोरीन दुसरीला, पाठीला पाठ. मशीनचा ठोका चालू होता. चौथी की पाचवी रांग असेल.

"तुझ्या माणसांत मला भीती वाटते," युअन गाईला म्हणाला. नोरीनचे हात थांबले. "ती सगळी रडतात, गळ्यात पडतात, गातात. तिथं माझ्या हातांना काही काम नव्हतं. इथं होतं."

मग नोरीनने नियमाप्रमाणे सुरुवात केली.

"तू म्हणतोस, तुला भीती वाटली. तिथं तुझ्या हातांना काम नव्हतं, म्हणून तू आला नाहीस. बरोबर?"

"हो."

"आता माझं ऐक. काम होतं. आईच्या पेटीला खांदा द्यायला सहा माणसं लागतात. पाच भाऊ आणि तू. चर्चमध्ये वाटलेल्या कागदावर सहा नावं छापली होती, तुझं शेवटचं. लोक कागद बघायचे, मग माझ्याकडं बघायचे. शेवटी पेट्या विकणाऱ्या कंपनीतला एक माणूस तुझ्या जागी उभा राहिला. त्यानं आईला कधी पाहिलंही नव्हतं. फार नीट उचललं त्यानं."

युअनने एक कप लावला. तो निसटला. परत लावला.

"तू म्हणतेस... सहा माणसं लागतात. पाच भाऊ आणि मी. माझ्या जागी कंपनीतला माणूस होता. त्यानं तिला पाहिलं नव्हतं."

"राहिलं एक."

"नाव छापलं होतं."

"सगळं एकदम म्हण."

त्याने म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना 'छापलं होतं' पाशी त्याचा आवाज गेला आणि उरलेलं त्याला नुसत्या ओठांनी पुरं करावं लागलं. तिने ते मागे वळून पाहिलं. "बरोबर," ती म्हणाली, आणि वळून पुढच्या गाईकडे गेली. तिने त्याला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. रांग सुटली, दुसरी आत आली.

राहिलेल्या दोन गुरुवारी ते नायरीसमोर बोलले, आणि बरंचसं तिच्याशिवायही. शेवटच्या दिवशी युअनने तिला विचारलं, "आता झालं का बरं?"

"नर्स होते तेव्हाही लोक हेच विचारायचे," नायरी म्हणाली. "जखम स्वच्छ झालीय. भरायची ती तिच्या तिच्या वेळेनं."

एप्रिलच्या एकोणतीस तारखेला नोरीनने करार काढून टेबलावर पसरला. 'तीन वर्षं' खोडून तिने 'एक वर्ष' लिहिलं. खालच्या मोकळ्या जागेत एक ओळ घातली: दहा ते बारा ऑगस्ट, दोघंही रजेवर, बदली माणूस मालकानं द्यावा. मग सही केली आणि पेन त्याच्याकडे सरकवलं.

युअनने सही केली आणि दुपारीच कागद विंटनला नेऊन दिला.

मालकाचा फोन त्याच संध्याकाळी आला. "ऐन विण्याच्या हंगामात तीन दिवस? दोघं? वेड लागलंय का तुम्हाला? आणि एकच वर्ष? तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं असं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं," युअन म्हणाला. "आमचं एका वर्षाचंच ठरलंय."

"का?"

युअनने नोरीनकडे पाहिलं. ताटं विसळता विसळता तिने ऐकू यावं म्हणून नळ बंद केला होता.

"अजून तेवढंच जमलंय," तो म्हणाला.