सुताची वेणी

मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, "बाई, फाटकावर तुमच्या गावचं कोणी आलंय." जाऊन पाहते तर पांडू, एकनाथचा धाकटा भाऊ. पायांत चपलाही नव्हत्या. "ताई, दादा गेला... काविळीत. कुनाला बोललाच न्हाय." मी तशीच वर्गात परतले आणि चौथीच्या मुलांना सतराचा पाढा म्हणायला लावला. त्याला आता महिना होऊन गेला. एकनाथचे गोडवे गायला मी हे लिहीत नाहीये. मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ज्याच्यापाशी कबूल करायची तो माणूसच आता नाही.

आम्ही दोघं पडघ्याच्या आतल्या एका गावचे. माझे वडील तिथे मास्तर, त्याचे वडील गावाच्या हजामती करायचे. सातवीनंतर एकनाथ मुंबईला एका चिनी बाईच्या पार्लरमध्ये झाडू मारायला लागला आणि झाडू मारता मारता बायकांचे केस कापायला शिकला. परतला तो डोक्यात खूळ घेऊनच. बहारीनला मोठमोठी हॉटेलं उभी राहतायत, तिथे बायकांचे केस कापणारे कारागीर हवेत, आपण जायचं! पासपोर्ट काढला. तोवर भिवंडीत धामणकर नाक्यावर एका खुर्चीचं दुकान घातलं आणि पाटी रंगवून घेतली, 'एकनाथ हेअर ड्रेसर, इंटरनॅशनल'. शिफ्ट सुटली की यंत्रमागांवरचे लूमवाले दाढीला यायचे आणि छेडायचे, "क्यों इंटरनॅशनल, आज कौन से मुलुक की हजामत?" तो हसून म्हणायचा, "बैठो चाचा, पहले भिवंडी तो निपटने दो."

अडचण एकच होती. हात चालता ठेवायला बायकांचे केस हवेत, आणि भिवंडीत त्याच्यापुढे बसणार कोण? आमच्यासारख्या घरांत बाईच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागायचा तो नवरा गेल्यावरच. ते दिवस गेले म्हणतात, पण कुठे गेले? डोक्यावरचा लाल पदर सांभाळत बसलेली एखादी म्हातारी घरोघरी होतीच. मग एकनाथने शेजारच्या कारखान्यातून टाकाऊ सूत मागून आणलं, काळं रंगवलं, खिळ्याला टांगलं आणि त्यावर कात्री चालवू लागला. लोकांना वाटलं, हा कामातून गेला.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात चिनी बाईचा निरोप आला. बहारीनच्या हॉटेलचा साहेब एका दिवसासाठी मुंबईत येणार होता. प्रत्येकाने आपापली बाई आणायची आणि त्याच्यासमोर तिचे केस कापून दाखवायचे. एकनाथ थेट भिवंडीतल्या माझ्या शाळेत आला. "सुमाताई, तू चल. लांब केस पायजेत, आनि तू कुनाला भीत न्हायस." मी कुणाला भीत नाही हे मीच जगभर सांगत फिरायचे, त्यामुळे हो म्हणाले. त्याने हात न लावता एका दोऱ्याने माझी वेणी मोजली, दोऱ्याला गाठ मारली आणि तो खिशात ठेवला.

आदल्या संध्याकाळी घरात सांगितलं. सासूबाई हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरल्या. "माझा मुलगा धडधाकट असताना तू न्हाव्यापुढे मान वाकवणार? मी मेल्यावर कर काय ते!" त्यांच्या विधवा आत्याचं डोकं पंधराव्या वर्षी केलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, हे मला माहीत होतं. यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आईला कशाला दुखवतेस?" मी भांडू शकले असते... सकाळी मी गवार निवडत बसले. साधा निरोपही धाडला नाही.

पांडूने नंतर सांगितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दादा नाक्यावर उभा होता. तीन एसट्या सोडल्या आणि चौथीने एकटाच गेला. साहेबाने विचारलं, तुझी बाई कुठाय? तेव्हा त्याने पिशवीतून सुताची वेणी काढली. सगळे हसले. नंतर तसं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही.

दोन महिन्यांनी मी तोंड दाखवायला गेले. त्याने एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हटलं, "न्हाय गं, तुझा केस लय चांगला हाय. कापला असता तर माझाच जीव चुटपुटला असता." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे बहारीनचं नाव त्याने घेतलं नाही. पासपोर्ट ब्लेडच्या डब्याखाली पडून राहिला. पाटीवरचं 'इंटरनॅशनल' मात्र त्याने मुद्दाम पुसलं नाही, की पुसायचं त्राणच राहिलं नव्हतं, कोण जाणे. शेवटचा भेटला तेव्हा डोळे पिवळट वाटले होते. मला घाई होती, विचारलं नाही.

परवा दुकानात गेले. पांडू सामान आवरत होता, जागा आता लूमच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला जाणार आहे. खिळ्याला ती वेणी तशीच होती. हातात घेतली, माझ्या वेणीशी लावली. तंतोतंत तेवढीच. मी खुर्चीत बसले, केस मोकळे सोडले आणि म्हणाले, "पांडू, काप."

त्याने कात्री उचलली. माझ्या मागे आला. मग कात्री आरशापुढे ठेवून दिली.

"मला न्हाय येत, ताई. बायकांचं एकट्या दादालाच येत व्हतं."

मी पुन्हा वेणी घातली आणि घरी आले.