खुंटीवरची टेप

तो शिंपी कुणाच्या अंगाला टेप लावत नसे. गिऱ्हाईक दारात आलं की डोळे बारीक करून वरून खाली पाहायचा, "वळा," म्हणायचा आणि वहीत टिपायचा. छाती अडतीस, बाही तेवीस. शर्ट असा बसायचा, की अंगाबरोबरच वाढला असावा. लोक त्याला नजरमास्तर म्हणू लागले. नाव मोठं झालं आणि त्या नावाच्या सावलीत तो एकटाच मशीन चालवत राहिला.

या कलेचं मूळ कुणाला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. मग गुडघ्यांवर, मग बोटांच्या पेरांवर. वर चंदेरी पापुद्रे धरायचे, खाजवले की कोंड्यासारखे मशीनवर सांडायचे. थंडीत कातडी भेगाळायची. हा नायटाच, असं त्याने स्वतःच ठरवलं, आणि नायटा तर एकाचा दुसऱ्याला होतो. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. चट्टे पंधरा दिवस दबले, ट्यूब थांबवताच दुपटीने परतले. त्या दिवशी त्याने टेप खुंटीला टांगली. शिवलेला कपडा तो दोनदा कडक इस्त्री करूनच हातावेगळा करी.

एका हिवाळ्यात धाकटी बहीण आली. नेहमीसारखी तिची खुर्ची त्याने मशीनपलीकडे ठेवली. पांढऱ्या कापडावर तिला रक्ताचा ठिपका दिसला.

"दादा, हे काय?"

"सुई लागली."

"बघू हात." तिने बोटं पाहिली. म्हणाली, "माझ्या लेकीला कधी मांडीवर घेतलं नाहीस. मला वाटायचं, आम्हीच नकोशा झालोय तुला."

"तिलाही हा नायटा लागला असता गं."

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी त्याचा हात उघड्या हातांनी धरला, चट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"बाई, हात नका लावू."

"का? चावतो का तो?" बाई हसल्या. "हा नायटा नाही, सोरायसिस आहे. कातडी गरजेपेक्षा भराभर तयार होते. हे कुणाकडून येत नाही आणि कुणाला जातही नाही."

त्यांनी मलम लिहून दिलं. आंघोळीनंतर लगेच व्हॅसलीन लावायचं, पापुद्रे ओढायचे नाहीत, मनाने ट्यूब आणायची नाही. समूळ जाईलच असं नाही, पण आटोक्यात राहील. तो मान हलवत होता. लक्ष मात्र त्या अंगठ्याकडे होतं. नऊ वर्षांत त्याला कुणी इतका वेळ धरलं नव्हतं.

तीन महिन्यांनी चट्टे फिकट झाले. त्याने टेप खाली काढली, धूळ पुसली. पहिला आला पोस्टमन, लहानपणचा दोस्त. शिंपी टेप घेऊन पुढे झाला, तसा तो हसत मागे सरकला.

"अरे, नजरमास्तराच्या हातात टेप? लोक म्हणतील, म्हातारा आंधळा झाला. ठेव ती! तुझ्या नजरेवर आपला भरवसा."

शिंप्याने टेप गुंडाळली. पुढचे चौघेही तेच बोलले.

संध्याकाळी त्याने पोस्टमनचं कापड पसरलं. बाही तेवीस, हे त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. खडू बराच वेळ हवेतच राहिला. मग त्याने एकवीसवर रेघ ओढली आणि कात्री घातली.

चार दिवसांनी पोस्टमन नवा शर्ट घालून दारात उभा. मनगटं उघडी.

"मास्तर, ही बाही की थट्टा? सगळं नाव धुळीला मिळवलंस!"

"नजर गेली बाबा."

"मग टेप लाव की! शोभेला ठेवलीय का?"

शिंप्याने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली. मग छाती. छातीच्या मापाला दोन्ही हात माणसाच्या पाठीमागून न्यावे लागतात. टेपखाली दोस्ताचं काळीज धडधडत होतं.

"किती भरली?"

"हलू नको," शिंपी म्हणाला. "नीट बघू दे."