थांबाकाकूंची शेजारीण

काकूंचा मला भयंकर राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये त्या अठ्ठावीस वर्षं होत्या आणि मी जेमतेम चार महिने. सगळे डॉक्टर त्यांना थांबाकाकू म्हणायचे. फोनवर कुणी "रिपोर्ट झाला?" विचारलं, की या बाई शांतपणे "थांबा" म्हणून फोन ठेवायच्या!

जंतू रंगवून ओळखायचे, हे आमचं काम. काचेवर नमुना पसरायचा, जांभळा रंग द्यायचा, स्पिरिटने धुवायचा आणि शेवटी गुलाबी रंग द्यायचा. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही स्पिरिट लागलं की सोडतात आणि गुलाबी होतात. दोघांची औषधं वेगळी. पण स्पिरिट जास्त वेळ राहिलं, तर जांभळेसुद्धा रंग सोडून बसतात. म्हणून काकू प्रत्येक काचेच्या कडेला ओळखीच्या जांभळ्या जंतूंचा एक ठिपका लावायच्या. तो ठिपका म्हणजे शेजारीण. ती जांभळी दिसली, तर धुणं नीट झालं. "शेजारणीला विचारलंस का?" हे दिवसातून तीसदा ऐकून माझे कान किटले होते.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या रक्ताची बाटली तपासायची होती. बाळ अकरा दिवसांचं. छातीत गाठ पिकलेली, जंतू रक्तात गेलेले, ताप हटत नव्हता. मी काचेवर स्पिरिट ओतलं आणि नेमका आईचा फोन आला, "डबा विसरलीस गं!" दहा अंक मोजायचे, ते किती झाले देव जाणे. पाहिलं तर बाईचे जंतू सगळे गुलाबी. काकूंनी विचारलं तेव्हा मी वैतागून म्हटलं, "विचारलं हो, जांभळीच आहे." शेजारणीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काकूंनी विश्वासाने सही केली. वॉर्डमध्ये चालू औषध बंद करून दुसरं लावलं.

जेवण झाल्यावर काकूंनी ती काच परत सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

"गोल, घोसाघोसाने बसलेले, आणि गुलाबी? असे जंतू तर जांभळेच असतात!" काच सरकवून त्यांनी शेजारीण पाहिली. तीही गुलाबी. मग माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी लगेच नवी काच रंगवली. बाईचे जंतू आणि शेजारीण, दोन्ही जांभळे. त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, आता थांबू नका. रिपोर्ट चुकलाय, आधीचंच औषध परत लावा." पलीकडचा आरडाओरडा मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "सही माझी आहे, चूक माझीच," काकू म्हणाल्या.

मी रडायला लागले. "रडून झालं की वर जाऊन ये," एवढंच त्या बोलल्या.

वॉर्डबाहेर त्या बाईची आई बाळाला घेऊन बसली होती. उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेलं दुपटं होतं. माझा पांढरा कोट बघून ती उठली. "ताई, वाचेल ना माझी पोर?" मी त्या दुपट्याकडेच बघत राहिले. "जरा धरा याला, मी तिला बघून येते," म्हणत तिने बाळ माझ्या हातात दिलं. मला! इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. पंधरवड्याने ती आपल्या पायांनी घरी गेली. पण खरं मी कुणालाच सांगितलं नाही, आणि काकूंनीही नाही.

दोन वर्षांनी काकूंच्या निरोपाच्या चहाला तेच डॉक्टर उठून हसत म्हणाले, "तीस वर्षांत काकू एकदाच चुकल्या, आणि तेही माझ्याच पेशंटच्या वेळी!" सगळे हसले. काकूही हसल्या.

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. काकूंनी माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाल्या, "थांब."

त्या दिवशी मी थांबले नाही.